एका सेकंदाचा घोटाळा

पृथ्वीचें भ्रमण अणुघड्याळाइतकें नियमित नाहीं. दोहोंचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून २०१६ अखेर जागतिक वेळेंत सत्तावीस वेळां एकेक अधिक सेकंद घालण्यांत आला. आपल्या अधिक मासाचा धाकटा भाऊच म्हणाना!

३० जून २०१२ च्या मध्यरात्रीं, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेपांचाला, असाच सेकंद आला. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यानें आपलें घड्याळ एक सेकंद मागें घेतलें. परंतु कामांना वेळेवर उठविणाऱ्या आंतील गजरांना ती वार्ता दिलीच नाहीं. ते सेकंदभर पुढेंच राहिले. क्षणभर निजावयाचीं कामें निजतांच जागीं होऊं लागलीं व संगणक व्यर्थ राबूं लागले. रेडिट व मोझिला यांच्या सेवा अडखळल्या. उपाय मात्र गमतीचा: तारीख पुनः भरतांच पुष्कळ यंत्रें ताळ्यावर आलीं.

गूगलनें २००८ पासूनच तो सेकंद कित्येक तासांत तिळातिळानें वांटण्याची युक्ति योजिली होती. परंतु शेजारच्या यंत्रानें तो एकदम घेतला, तर दोघांच्या वेळा जुळत नाहींत. म्हणून सर्व यंत्रांनीं एकाच रीतीच्या घड्याळांस अनुसरावें लागतें. गाभा दुरुस्त केलेला हवा, हें तर उघडच.

२०२२ सालीं वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें, २०३५ पर्यंत या दोन वेळांतील अंतराची मर्यादा वाढविण्याचें ठरविलें आहे.