अस्वलाची फाईल

२००२च्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती आणि मुलाने घरी आणलेल्या कॉम्प्युटरवर मी नुकतीच ईमेल वाचायला शिकले होते. एका सहकारी बाईंचं पत्र आलं: विंडोजमध्ये 'जेडीबीजीएमजीआर' नावाची फाईल शोधा, तिच्यावर अस्वलाचं चित्र असेल. तो व्हायरस आहे, अँटिव्हायरसला सापडत नाही, चौदा दिवस गप्प बसतो. लगेच काढा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा.

मी शोधलं, तर खरंच अस्वल बसलेलं हो! घाबरून फाईल काढली, रिसायकल बिनही रिकामी केली आणि अकरा जणांना पत्र धाडलं. त्यात आमचे मुख्याध्यापकही होते.

अस्वल निरपराध होतं. ती मायक्रोसॉफ्टचीच फाईल, जावामध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या उपयोगाची. ती विंडोजबरोबरच यायची, त्यामुळे शोधणाऱ्याला सापडायची आणि पत्र खरं वाटायचं. आदल्याच वर्षी 'सल्फएनबीके' या विंडोज ९८च्या साध्या फाईलबद्दल असंच पत्र जगभर फिरलं होतं. म्हणजे व्हायरस लिहायचे कष्टही कोणी घेतले नव्हते, ते काम आम्हीच हौसेने केलं. माझं काही अडलं नाही, पण पंचवीस वर्षं मुलांना 'साधन कोणाचं, ते आधी विचारा' असं बजावणारी इतिहासाची बाई मी! चूक कबूल करणारं दुसरं पत्र लिहायला मला आठवडा लागला.

खरे भामटे पुढच्या वर्षी आले. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म पसरला. साठ सेकंद मोजून कॉम्प्युटर आपोआप बंद व्हायचा. त्याची फाईल 'एमएसब्लास्ट' अशा उघड नावाने वावरायची, ओळखायला सोपी. पण आठवड्याभरातच वेल्चिया आला, तो अस्सल तोतया. त्याने नाव घेतलं 'डीएलएलहोस्ट', विंडोजच्याच एका फाईलचं. खरी फाईल 'सिस्टिम३२' फोल्डरमध्ये राहते, हा त्याच्या आतल्या 'विन्स' फोल्डरमध्ये. नाव तेच, पत्ता वेगळा. गंमत म्हणजे हा ब्लास्टरला हुसकून विंडोजची दुरुस्तीही उतरवून घ्यायचा! (तरी न विचारता घरात शिरलेला तो शिरलेलाच. त्याने नेटवर्क तुंबवली ती वेगळीच.)

तेव्हापासून मी नावावर न जाता पत्ता बघू लागले. पण २००८च्या नोव्हेंबरात कॉनफिकर आला तो थेट खऱ्या 'एसव्हीसीहोस्ट'च्या आत जाऊन बसला. नाव खरं, पत्ता खरा, आतला पाहुणा खोटा. मग सही बघावी म्हटलं, तर २०१०मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटने तैवानच्या दोन कंपन्यांची चोरलेली डिजिटल प्रमाणपत्रं वापरली होती. दस्तावरचा शिक्का खरा, पण उठवणारा हात चोराचा. इतिहासवाल्यांना हे नवं नाही.

परवा नातवाने टास्क मॅनेजर उघडला आणि ओरडला, "आजी, एसव्हीसीहोस्ट किती आहेत बघ! व्हायरस आहे, काढू?" मी जवळजवळ त्याचा हातच धरला. विंडोजची पार्श्वभूमीवरची कामं या एकाच फाईलच्या आधाराने चालतात. पूर्वी बरीच कामं एकात दाटीवाटीने बसायची. २०१७पासून, पुरेशी मेमरी असेल तर, विंडोज १०ने बहुतेकांना वेगळी चूल मांडून दिली, म्हणून ही गर्दी. त्याला एकेकावर राइट क्लिक करून फोल्डर बघायला लावलं. सगळे सिस्टिम३२मधले निघाले. मग स्पेलिंग बघितलं, कारण एक अक्षर इकडचं तिकडे करून 'एससीव्हीहोस्ट' असं नाव लावणारे पुष्कळ असतात. मग सही, आणि शेवटी अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी. काही निघालं नाही. तो कंटाळून खेळायला गेला.

अकरांपैकी नऊ जणांनी माझ्या दुसऱ्या पत्राला उत्तर दिलं होतं. मुख्याध्यापकांनी दिलं नाही. त्यांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचं अस्वल काढलं होतं का, हे निवृत्त होईपर्यंत मी विचारलं नाही.