बांधापासून नदीकाठापर्यंत

पुण्यातल्या येरवड्याचा नदीकाठ देखणा झाला तो एका गरजेच्या बांधकामामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून पाण्यासाठी मुळा-मुठेवर बांध झाला. मागे पाणी तुंबले आणि समोरच्या काठावर बंड गार्डन फुलले. हिरवळ, फुलांचे वाफे, फिरायच्या वाटा: साहेबी बागेत नदी होती ती पाहण्यापुरती. १८९२ मध्ये बांधलेल्या आगाखान पॅलेसभोवतीची बागही त्याच घाटाची.

बांधाखाली मात्र कोणी माळी नव्हता. तिथल्या गाळात बाभूळ, करंज, वाळुंज आपोआप माजले. हिवाळ्यात चक्रवाक उतरू लागले, उथळ पाण्यात शेकाटे लांब गुलाबी पायांनी चिखल तुडवत किडे टिपू लागले. पक्षीप्रेमींनी या काठाला पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींचे नाव दिले. नीटनेटकेपणाच्या सवयीला हे रान गचाळच वाटते.

मार्च २०२२ मध्ये या काठासह ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाची पायाभरणी झाली. बंधारे, घाट आणि पदपथांच्या या आराखड्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी झाडांना मिठी मारून आंदोलन केले. नवी रोपे लावता येतात. उताराचा ओला गाळ मात्र भरावाखाली गेला की शेकाट्यांना उभे राहायला जागा उरत नाही.