नऊ व्होल्टच्या डबीत किती व्होल्ट?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या शिर्डीला साईमंदिरात शिरताना मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं. रामनवमीला, गुरुपौर्णिमेला, दसऱ्याला तिथे केवढी गर्दी उसळते हे आपल्याला ठाऊकच आहे. अशा ठिकाणी दारातली चौकट विजेवर चालते, रक्षकाच्या हातातला दांडा बॅटरीवर. दांडा गप्प राहिला की 'धातू नाही' असं आपण समजतो. पण बॅटरी उतरली असली तरी तो गप्पच राहतो! म्हणून त्यात कोणती बॅटरी घालावी हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

दांड्यातल्या तारेच्या वेटोळ्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह जातो. जवळ धातू आला की त्यात भोवरे-प्रवाह निर्माण होतात आणि वेटोळ्याचा तोल बिघडतो. हीच युक्ती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१ साली वापरली. २ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरातच राहिली. बेलनं दोन वेटोळी, बॅटरी आणि कानाला टेलिफोन असं यंत्र जुळवलं. २६ जुलैला नुसतीच खरखर ऐकू आली, कारण एक जोडणी चुकली होती. १ ऑगस्टला आवाज आला, पण फार मोठ्या भागावर. गादीतल्या पोलादी तारांमुळे असावा असं पुढे मानलं गेलं. शिवाय डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले.

पुन्हा चार्ज होणारा सेल मात्र त्याआधीच आला होता. १८५९ मध्ये फ्रान्सच्या प्लाँतेनं शिशाचे पत्रे आम्लात बुडवून तो केला. पण आम्लाचं जड भांडं हातातल्या दांड्यात कसं मावणार? १८९९ मध्ये स्वीडनच्या युंगनरनं निकेल-कॅडमियमचा सेल काढला. चार्ज करताना त्यातून वायू सुटत, म्हणून तो बंद करता येत नसे. १९४७ मध्ये नॉयमान यांनी आतला ऑक्सिजन कॅडमियमच्या पट्टीतच शोषला जाईल अशी सोय केली आणि सेल कायमचा बंद करता आला.

१९५०च्या दशकात ट्रान्झिस्टर रेडिओसाठी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी निघाली. तिच्यात दीड व्होल्टचे सहा सेल असतात. निकेलचा सेल देतो १.२ व्होल्ट. सहा सेल मावले तर ७.२, सात मावले तर ८.४. तेव्हा वेष्टनावरचं '९ व्होल्ट' हे बहुतेक वेळा मापाचं नाव असतं. डिटेक्टर ७.२ वर नीट चालतो का हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावं; नाहीतर ८.४ ची घ्यावी.

दीड व्होल्टच्या सेलचा दाब हळूहळू उतरत जातो. निकेलचा बराच वेळ सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. साध्या सेलसाठी बसवलेला इशारा-दिवा निकेलच्या बाबतीत फसवू शकतो तो यामुळेच.

कॅडमियम विषारी. १९८९ च्या सुमारास त्याची जागा घेणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल बाजारात आले. त्यांची खोड म्हणजे नुसते ठेवले तरी ते उतरतात, आणि नगरच्या उन्हाळ्यात तर जास्तच भराभर. २००५ पासून कमी गळतीचे सेल मिळतात. अधूनमधून वापरायच्या डिटेक्टरला आम्ही हेच सुचवू. लिथियमच्या काही बॅटऱ्यांत दाब वाढवून ९ व्होल्टवर धरून ठेवणारं छोटं मंडल असतं. ते दिसायला सोयीचं, पण त्याची विद्युत-गडबड डिटेक्टरच्या वेटोळ्याला ऐकू जाऊ शकते. आणि बॅटरी संपेपर्यंत दाब जराही हलत नाही, मग अचानक शून्य!

बॅटरी कुठलीही असो, पाळी सुरू होताना ओळखीचा लोखंडी तुकडा दांड्यापुढे धरून पाहावा. वर्गात करून बघायचं असेल तर उतरलेली साधी ९ व्होल्टची बॅटरी आणा. नुसत्या व्होल्टमीटरवर ती बऱ्यापैकी दाब दाखवेल. मग ४७० ओहमचा रोध जोडून पुन्हा मोजा, आणि काटा कुठे येतो ते मुलांनाच वाचू द्या.