लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरची खाण्याची ओढ

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर, पोटात भूक नसतानाही विशिष्ट पदार्थ खाण्याची जी तीव्र इच्छा होते, तिला खाण्याची ओढ म्हणतात. शस्त्रक्रियेने जठर लहान होते. सवयी मात्र आपोआप बदलत नाहीत.

कारणे

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच भागात तयार होत असल्याने सुरुवातीला भूक मंदावते. काही महिन्यांनी ती अंशतः परतते. ताण, एकटेपणा, अपुरी झोप, पदार्थाचा वास ही ओढ लागण्याची निमित्ते होत. खानदेशातील पंगतीत वरण-बट्टीवर पडणारी तुपाची धार, शेवभाजीची तर्री आणि यजमानांचा आग्रह यांचीही त्यात भर पडते.

व्यवस्थापन

खरी भूक हळूहळू वाढते व साध्या अन्नानेही शमते. मनाची भूक अचानक येऊन एकच पदार्थ मागते. वेळ, प्रसंग व मनःस्थितीची नोंद ठेवल्यास हा फरक लक्षात येतो. डाळ, अंडी, पनीर असे प्रथिनयुक्त पदार्थ आधी व सावकाश चावून खावेत. पाणी जेवणाबरोबर न पिता सुमारे अर्ध्या तासाने प्यावे. फरसाण घरात न ठेवणे हाही उपाय आहे.

धोके

गॅस्ट्रिक बायपासनंतर गोड खाल्ल्यास घाम, धडधड व जुलाब होऊ शकतात. याला डम्पिंग सिंड्रोम म्हणतात. दिवसभर थोडेथोडे खात राहिल्यास वजन पुन्हा वाढते. काही रुग्णांमध्ये खाण्याची जागा मद्यपान घेते. खाण्यावरचा ताबा वारंवार सुटत असल्यास आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य आवश्यक असते.