बरगड्यांचा हिशेब



राजांच्या आणि लढायांच्या इतिहासावर वसंतात पुष्कळ व्याख्याने होतात. आज ज्याचा इतिहास सांगणार आहे ती वस्तू आपण सर्वांनी येथे बरोबर आणली आहे. ती म्हणजे छातीचा पिंजरा. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. हमालांच्या संघटनेत काम करणारा माणूस आहे. ओझेकऱ्यांची दुखणी ऐकता ऐकता पुस्तके चाळू लागलो, त्यातून हा विषय हाती आला.

पहिला प्रश्न हिशेबाचा. बरगड्या किती? शाळेतला मुलगाही सांगेल, चोवीस. एका बाजूला बारा. पण चरकसंहिता येथे 72 हाडे मोजते. सुश्रुतही एका बाजूस 36 म्हणजे एकंदर 72 सांगतो. इतकेच काय, याज्ञवल्क्यस्मृतीसारख्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातही हाच आकडा आहे. मग जुने लोक मोजायला चुकले काय? 1907 साली डॉ. हर्न्ले या पंडिताने प्राचीन भारतीय अस्थिविद्येवर ग्रंथ लिहून या गणिताची उकल केली. चरकाने 24 बरगड्या, 24 खोबणी आणि 24 गाठी अशी फोड दिली आहे. बरगडी मागे कण्याला टेकते तेथे तिला गाठ असते आणि त्या गाठीला बसायला जागा असते. या तिन्ही गोष्टी जुन्यांनी वेगळ्या मोजल्या. मोजण्याची रीत निराळी होती. डोळे मात्र उघडे होते.

ते डोळे कसे उघडले, हेही सुश्रुताने लिहून ठेवले आहे. प्रेत गवताने लपेटून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावे. सात रात्रींनी बाहेर काढून कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर पाहावा. पुढे प्रेताला हात लावणे विटाळाचे ठरले आणि ही विद्या पोथीत राहिली. युरोपातही निराळे घडले नाही. गेलनने माकडे फाडून पाहिली आणि त्याचे शब्द हजार वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानले गेले. स्त्रीपेक्षा पुरुषाला एक बरगडी कमी, अशी तिकडे समजूत होती. 1543 साली वेसालियसने छापून सांगितले की दोघांच्या बरगड्या सारख्याच. आपल्या देशात 1836 साली कलकत्त्यास मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन करून रूढीची भिंत फोडली. मुंबईत 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. 1851 साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत आपले भाऊ दाजी लाड होते.

हाडे मोजून झाली, पण ती हलवतो कोण? दोन बरगड्यांच्या मध्ये स्नायूंचे दोन मुख्य पदर असतात. बाहेरच्या पदराचे धागे खाली आणि पुढे उतरतात. आतल्याचे त्यांना आडवे छेदतात. अठराव्या शतकात हाम्बेर्गर आणि हालर या दोन जर्मनभाषी प्राध्यापकांत यावरून मोठा वाद पेटला. बाहेरचा पदर बरगडी उचलतो आणि आतला खाली ओढतो, असे हाम्बेर्गर म्हणे; दोन्ही उचलतातच, असे हालर म्हणे. विसाव्या शतकात स्नायूंतील विजेचे मोजमाप करता आले, तेव्हा पारडे बव्हंशी हाम्बेर्गरकडे झुकले. बादलीची कडी वर उचलावी तशी बरगडी उचलली जाते, छाती रुंदावते, खाली श्वासपटल उतरते आणि हवा आत येते.

आता आमच्या कामाची गोष्ट. बरगड्यांना केवळ श्वासाचेच स्नायू चिकटलेले नाहीत. वरच्या आठ-नऊ बरगड्यांपासून करवतीच्या दात्यांसारखा एक स्नायू निघतो तो खांद्याच्या फऱ्याला जातो. खालच्या बरगड्यांपासून पाठीचा रुंद स्नायू दंडाकडे जातो. पोटाचे स्नायूही तेथेच अडकलेले. म्हणजे हातांना जोर करायचा तर त्यांचा खुंटा छाती! आणि खुंटा हलता असून चालत नाही. म्हणून पोते उचलताना हमाल श्वास कोंडतो, घसा बंद करतो, पिंजरा घट्ट धरतो. ओझे उचलताना कोणी बोलत नाही याचे कारण हे आहे. ज्या बरगड्यांनी श्वास घ्यायचा, त्यांनाच ओझ्यासाठी थांबावे लागते. ट्रकात केळीचे घड भरणारा असो की जिनिंगमधून कापसाचे गाठोडे ओढणारा, दिवसभर त्याचा पिंजरा दोन धन्यांची चाकरी करतो.

हे शरीराचे गणित कायद्याला फार उशिरा कळले. इजा होईल इतके जड ओझे कोणाकडून उचलवू नये, असे 1948 च्या कारखाने कायद्यात आले. पण बाजारातला हमाल कारखान्यात मोडत नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची कमाल मर्यादा सुचविली. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तोवर क्विंटलभर वजनाची पोती किती पाठींवरून गेली, त्यांची वही कोणी ठेवली नाही.

जुन्या आचार्यांनी खोबण आणि गाठसुद्धा हिशेबात धरली. काहीही सोडायचे नाही, ही त्यांची शिस्त होती. व्यापारी बंधू येथे बसले आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच की मालाचा काटा करताना तो उचलणाऱ्याचा श्वासही हिशेबात धरावा. पोते हलके केल्याने एक खेप वाढेल. ती वाढलेली खेप मजुरीत धरणे हेच न्यायाचे आहे.