विळ्याच्या आकाराची भीती

विदर्भाबाहेर 'सिकलसेल' म्हटलं की लोकांना शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकातलं चित्र आठवतं. गोल पेशी आणि तिच्या शेजारी एक वाकडी पेशी, दोन मार्कांचा प्रश्न. आमच्या वाशिमकडे आणि त्याहून जास्त पूर्वेला नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हा शब्द घरात येतो आणि मग घर सोडत नाही. या वीकएंडला त्याचाच थोडा इतिहास.

सुरुवात शिकागोची. १९०४ साली वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा एक तरुण ग्रेनाडा बेटावरून तिथे दंतवैद्यक शिकायला आला होता. आजारी पडून दवाखान्यात गेला, तिथल्या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काही लाल पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली हे छापलं. पेशी दिसल्या, पण त्या तशा का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नोएल दंतवैद्य होऊन मायदेशी परतला आणि १९१६ साली न्यूमोनियाने गेला.

कारण सापडायला चाळीस वर्षं लागली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका हुडकला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. आपल्या भाषेत सांगायचं तर जनुकाच्या कोडमध्ये 'जीएजी'च्या जागी 'जीटीजी' झालंय. बस्स, एक अक्षर! आमच्याकडे एका अक्षराच्या बगने सर्व्हर झोपतो, इथे माणूस झोपतो. ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, पेशी कडक होते, वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडं-सांधे ठणकतात, रक्त कमी होतं, डोळे पिवळे दिसतात.

मग हा बग हजारो वर्षं टिकला कसा? त्याचं उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दिलं. हे जनुक आई किंवा वडील, अशा एकाच बाजूने आलं तर माणूस फक्त 'वाहक' असतो, आणि वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. म्हणजे आपल्या जंगलपट्ट्यात जे पूर्वज मलेरियातून तगले, त्यांच्यातल्या काहींना याच बगने तारलं होतं.

भारतात हा दोष पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपुरातून मध्य भारतातल्या वाहकांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. म्हणजे आपल्या भागात हे माहीत होऊन पासष्टहून जास्त वर्षं झाली. सगळ्या देशाचं अभियान मात्र १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं उच्चाटन, हे त्याचं लक्ष्य. गंमत म्हणजे वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तोही १ जुलैलाच, १९९८ साली.

आता मुद्द्याचं. माझ्या एका मामेभावाच्या धाकट्या बहिणीला सिकलसेल निघाला. भाऊ पुण्यात नोकरीला, अठ्ठावीस वर्षांचा. त्या दिवसापासून त्याचे गुडघे दुखायला लागले. पावसाळ्यात पाठ धरली तरी "हे तेच असेल का रे?" सकाळी आरशात आधी डोळ्यांचा पिवळेपणा बघायचा, मग दात घासायचे. जिम सोडली. दिवसभर खुर्चीत बसून कुणाची पाठ दुखत नाही? पण ज्याच्या घरात आजार आहे त्याला साधं दुखणं साधं राहत नाही. हा वेडेपणा नाही. गणित बघा. एका भावंडाला आजार आहे म्हणजे आई-वडील दोघेही निदान वाहक आहेत. दोघे वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहक असण्याची आणि चारात एक काहीच नसण्याची. आणि भारतातल्या बऱ्याच रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून राहतं, त्यामुळे काहींचा आजार सौम्य असतो आणि मोठेपणीच कळतो. म्हणून "इतकी वर्षं काही झालं नाही" एवढ्यावर डोळे मिटता येत नाहीत. समजा आजार नाही हे पक्कं झालं, तरी वाहक असण्याची शक्यता तीनात दोन उरतेच.

या भीतीचा सगळ्यात मोठा इतिहास दुसऱ्याच आजाराचा आहे, हंटिंग्टनचा. १८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन या तरुण डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. आई किंवा वडिलांपैकी एकाला असला तर मुलाला शक्यता निम्मी, आणि लक्षणं बहुधा चाळिशीच्या आसपास. हातातून कप पडला, नाव विसरलं, की माणूस हादरतो. नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला १९६८ साली हा आजार निघाला. त्यांनी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांत वर्षानुवर्षं काम केलं. १९८३ मध्ये जनुकाचा ठावठिकाणा लागला, १९९३ मध्ये जनुकच सापडलं. चाचणी शक्य झाली ती त्यांच्या कामामुळे, पण स्वतःची चाचणी करायची नाही असं त्यांनी ठरवलं. २०२० साली त्यांनी जाहीर केलं की आपल्यालाही तोच आजार आहे. ज्या आजाराला थांबवता येत नाही, त्याचं भविष्य आधी न वाचणं हाही शहाणपणाच असू शकतो.

सिकलसेलचं तसं नाही, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. इथे कळल्यावर करण्यासारखं बरंच असतं. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, ताप आला की लगेच दवाखाना. हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात, हे १९९५ पासून सिद्ध आहे. आणि वाहक निघालात तर तुम्ही रुग्ण नाही! वाहकाला सहसा काहीच त्रास होत नाही. अतिशय उंचावर किंवा अंगमोडून श्रम करताना क्वचित जपावं लागतं, इतकंच. म्हणजे वाहकाची पाठ दुखली तर बहुतेक वेळा दोष खुर्चीचा. गुडघा चेपून यातलं काहीच कळत नाही. आधी सोल्युबिलिटी, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, थोड्याशा रक्तात उत्तर मिळतं.

मग लोक टाळतात का? लग्नामुळे, हो ना! आणि ही धास्तीही पोकळ नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात तपासणीची लाट आली तेव्हा वाहकालाच आजारी समजण्यात आलं. काहींना विम्याचे जादा हप्ते पडले, हवाई दलाच्या अकादमीची दारं तर १९८१ पर्यंत बंद होती. ग्रीसमधल्या ऑर्खोमेनोस गावात वाहक शोधून जोड्या नीट जुळवण्याचा प्रयोग झाला. काही वर्षांनी पाहिलं तर वाहक-वाहक लग्नं कमी झालीच नव्हती, वाहकांवर डाग मात्र लागला होता. कार्ड वाटलं आणि समजावणं राहून गेलं की असंच होणार. धोका वाहक असण्यात नाही. दोघेही वाहक आहेत आणि दोघांनाही ते माहीत नाही, यात आहे. माहीत असेल तर लग्नानंतरही गरोदरपणात वेळेवर तपासणी आणि सल्ला घेता येतो.

मामेभाऊ शेवटी गेला. वाहक निघाला. आता तो स्थळ बघायला गेला की पत्रिकेआधी हे सांगतो. दोन ठिकाणी पुढे फोनच आला नाही, आणि मामी अजून म्हणतात, "कशाला सांगतोस आधीच?" त्यावर त्याच्याकडे एकच उत्तर असतं: ताई, म्हणजे धाकटीच, रात्री कशी रडते ते त्याने ऐकलंय.

असो. ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी पुढच्या वेळी गावी गेलात की आधी रक्त द्या. मग खुशाल पाठदुखीची चिंता करा, ती आपल्या धंद्यात आहेच.