क्रीमी मस्टर्ड चिकन सॅलड : मेयोनीज न वापरता घरी कसं बनवायचं?

रील्स स्क्रोल करताना क्रीमी मस्टर्ड चिकन सॅलड तुम्हीही पाहिलं असेल. उकडलेलं चिकन, कुरकुरीत भाज्या आणि त्यावर पिवळसर घट्ट ड्रेसिंग. बहुतेक रेसिपींमध्ये हा घट्टपणा मेयोनीजमुळे येतो. पण मेयोनीज टाळूनही हे सॅलड तितकंच क्रीमी होतं. त्यासाठी लागणाऱ्या दोन्ही गोष्टी मराठी स्वयंपाकघराला नव्या नाहीत. श्रीखंडासाठी बांधतो तो चक्का आणि लोणच्यासाठी फेसतो ती मोहरी.

मेयोनीज का टाळायचं?

मेयोनीजमध्ये सर्वात मोठा वाटा तेलाचा असतो. अमेरिकेच्या नियमांनुसार त्यात किमान ६५ टक्के तेल असावंच लागतं. दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. घरी किंवा स्टॉलवर ताजं मेयोनीज बनवताना अनेकदा कच्चं अंडं वापरतात. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. याच कारणामुळे कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये एका वर्षासाठी बंदी घातली होती.

बाटलीबंद मेयोनीज सहसा पाश्चराइज्ड अंड्याचं किंवा बिनअंड्याचं असतं, त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी. पण घरी करायचं असेल, तर चक्का सोपा आणि हलका पर्याय आहे.

मोहरी झणझणीत कशी होते?

फोडणीतली मोहरी नाकात जात नाही, पण फेसलेली मोहरी डोळ्यांतून पाणी काढते. असं का?

मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचा घटक आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम वेगवेगळ्या पेशींमध्ये असतात. दाणा वाटला आणि त्याला पाणी लागलं की दोघे एकत्र येतात आणि तो झणका तयार होतो. गरम तेलात हे एन्झाइम निकामी होतं, म्हणून फोडणीला फक्त खमंग चव येते.

यावरून दोन नियम लक्षात ठेवा. मोहरी नेहमी गार पाण्यात फेसा. आणि लिंबू लगेच पिळू नका, कारण आंबटपणामुळे ही प्रक्रिया मंदावते. दहा मिनिटं थांबून लिंबू घातलं तर झणका पूर्ण उतरतो आणि टिकतोही.

साहित्य (२ ते ३ जणांसाठी)

• बोनलेस चिकन ब्रेस्ट : ३०० ग्रॅम
• घट्ट दही : २५० ग्रॅम (चक्क्यासाठी)
• मोहरी : २ छोटे चमचे
• मध : १ छोटा चमचा
• लिंबाचा रस : २ छोटे चमचे
• तेल : १ मोठा चमचा
• लसूण : १ पाकळी, किसून
• काकडी, सिमला मिरची, पातीचा कांदा : मिळून दीड वाटी
• सफरचंद : अर्धं (आवडत असल्यास)
• मीठ, मिरपूड : चवीनुसार

कृती

१. दही मलमलच्या कापडात बांधून ३ ते ४ तास फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवा. खाली पाणी गळायला भांडं ठेवायला विसरू नका.

२. चिकन गार पाण्यात घाला. त्यात मीठ, ४-५ मिरी आणि एक तमालपत्र टाका. उकळी आली की गॅस मंद करा आणि १२ ते १५ मिनिटं शिजवा. गॅस बंद करून १० मिनिटं झाकून ठेवा. खळखळ उकळलं तर ब्रेस्टचा तुकडा चिवट होतो.

३. मोहरी कोरडी वाटा. दोन चमचे गार पाणी घालून फेस येईपर्यंत फेटा आणि १० मिनिटं ठेवा.

४. चक्का, फेसलेली मोहरी, मध, लसूण, तेल, मीठ आणि मिरपूड एकत्र फेटा. शेवटी लिंबू घाला. मोहरी फार उग्र वाटली तर आधी निम्मीच घालून चव बघा.

५. काकडीला मीठ लावून ५ मिनिटांनी पाणी पिळून काढा. नाहीतर ड्रेसिंग पातळ होतं.

६. चिकन पूर्ण गार झाल्यावर हाताने त्याचे धागे काढा आणि सगळं एकत्र कालवा. गरम चिकनवर चक्का घातला तर तो पाणी सोडतो.

मोहरी फेसायला वेळ नसेल तर दोन छोटे चमचे तयार मस्टर्ड सॉस वापरा. त्यात व्हिनेगर असतं, त्यामुळे लिंबू कमी घाला. बंगाली कासुंदीही चालते, फक्त ती जास्त झणझणीत असते.

या चार गोष्टी नक्की पाळा

• कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांमधून जिवाणू ओट्यावर आणि भाज्यांवर पसरतात. शिजवताना ते मरतातच.
• चिकनच्या सर्वात जाड भागाचं तापमान ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवं. थर्मामीटर नसेल तर तुकडा मधोमध कापून बघा. गुलाबी भाग दिसला किंवा लालसर पाणी आलं तर आणखी शिजवा. फक्त वरच्या रंगावर विसंबू नका.
• कच्च्या चिकनची सुरी आणि पाट भाज्यांसाठी वापरू नका.
• तयार सॅलड २ तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. कडक उन्हाळ्यात ही मर्यादा १ तासाची धरा. डब्यात न्यायचं असेल तर आइस पॅक सोबत ठेवा.

किती दिवस टिकतं?

चिकन आणि ड्रेसिंग वेगवेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यांत फ्रीजमध्ये ४ अंश किंवा त्याखाली ठेवलं तर ३ दिवस चालतं. भाज्या मात्र खायच्या वेळीच चिरा.

एक महत्त्वाची सूचना : काही जणांना मोहरीची ॲलर्जी असते. युरोपियन युनियनमध्ये पाकिटावर ठळकपणे लिहाव्या लागणाऱ्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांमध्ये मोहरीचाही समावेश आहे. त्यामुळे पाहुण्यांना वाढण्याआधी एकदा विचारून घ्या.

उरलेलं ड्रेसिंग वाया घालवू नका. पोळीवर लावून, आत चिकन आणि कांदा भरून गुंडाळलं की दुसऱ्या दिवशीचा डबा तयार!